रिसबुडांची पेटी गार का पडली

१

"मेली!" असं म्हणून भाऊ रिसबुडांनी हातातली लोखंडी सळई जमिनीवर आपटली. "परत मेली!"

मेली ती खताची पेटी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जागा नाही. सन छप्पनच्या कार्तिकात मुलुंडला रिसबुडांच्या परसातली पेटी दुसऱ्यांदा गार पडली, आणि तेवढ्यावरून एका बाईचा संसार मोडायला निघाला. घर मोडायला माणसांना फार मोठं कारण लागत नाही. हाताशी असेल ते चालतं.

पेटी भाऊंनी स्वतः ठोकलेली. खोक्यांच्या फळ्या, छातीइतकी उंची, वर पत्र्याचं झाकण. आत पालापाचोळा, गोठ्यातलं शेण, स्वयंपाकघरातली सालं आणि खरकटं, थरावर थर. मधोमध एक पोकळ बांबू उभा. त्याला अंगभर भोकं पाडलेली, म्हणजे ढिगाच्या पोटात हवा जावी. भरून दोन-तीन दिवस झाले की पेटी आतून तापायची. भाऊ सळई खुपसायचे, थोड्या वेळाने बाहेर काढायचे आणि आल्यागेल्याच्या हातात द्यायचे. पाहुण्याला चटका बसला की भाऊंचा चेहरा खुलायचा. रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या मोजल्या, आता रिटायर झाल्यावर स्वतःचं असं काहीतरी तापत होतं.

तीच सळई आज गार निघाली. पाण्यातून काढल्यासारखी.

"पेटीला कशाला बोल लावता?" मागच्या दारातून विमलाबाई म्हणाल्या. विमलाबाई म्हणजे भाऊंची बायको, घराचं सोवळं त्यांच्या हातात. "हात कुणाचा लागला ते विचारा."

सून पद्मजा विहिरीपाशी भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

दसऱ्यानंतर तिला कावळा शिवला तेव्हा ती रिवाजाप्रमाणे मागच्या पडवीत बाजूला बसली होती. चार दिवस माणसाने भिंतीकडे बघायचं किती? उठली, फावडं घेतलं आणि पेटी खालीवर केली. पुढे दोन दिवसांत पेटी गार. भाऊंनी पुन्हा भरली, पुन्हा तापली. कार्तिकात ही पुन्हा बाजूला बसली, पुन्हा पेटीला हात लावला, पुन्हा पेटी गार.

"लग्नाला तीन वर्षं झाली, कूस उजवली नाही," विमलाबाई म्हणाल्या. "आता तर उकिरडासुद्धा गार पडतो हिच्या हाताने. चंपाषष्ठी झाली की हिची ट्रंक चिपळूणला."

"हे बघ, मी असल्या खुळचट गोष्टी मानत नाही," भाऊ म्हणाले.

"नका मानू. ट्रंक जाणार."

भाऊंनी सळई उचलली. त्यांची सुधारणा ओसरीच्या पायरीपर्यंत होती, उंबऱ्याच्या आत तिला मज्जाव होता.

पद्मजाचा नवरा श्यामसुंदर तिथेच पंचा पिळत उभा होता. बी. एस्सी. झालेला, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. त्याने पंचा पिळला, झटकला, पुन्हा पिळला. पिळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"भाऊराव, पेशंट मेला म्हणता, पण तपासलात काय? की बघूनच सर्टिफिकीट?"

२

रत्नप्रभा सामंत. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, जन्म गेला हॉस्पिटलात. नर्सची नोकरी संपून चार वर्षं झाली तरी आळी त्यांना सिस्टरच म्हणायची. तोंड फाटकं. ज्याच्यात्याच्या घरात नाक खुपसते अशी तक्रार होती, आणि खरी होती.

त्या फाटकातून आत आल्या, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात ढिगात घातला.

"अहो सिस्टर, घाण आहे ती!" विमलाबाई ओरडल्या.

"यापेक्षा घाण माणसांच्या पोटात बघितलीय मी."

वरचा पाला त्यांनी मुठीत चुरगळला. कुरकुर वाजला. कोरडा. मग आतला मूठभर काढून दाबला. बोटांच्या फटीतून काळं पाणी टपटप गळलं आणि नासक्या ताकासारखा आंबूस वास सुटला.

"भाऊराव, पेटी तापते कशाने?"

"शेण आणि हिरवा पाला कुजतो, त्यात हवा..."

"आणि हवेच्या जागी पाणी भरलं तर?"

"तर गुदमरते. पण मी पाणी बेताने शिंपडतो हो! पिळलेल्या फडक्याइतकं ओलं, बस्स."

"शिंपडलेलं पाणी वरून खाली जातं. मग वरचा पाला कोरडा कसा आणि पोटात तळं कसं? पाऊस जाऊन महिना झाला."

सिस्टर पेटीभोवती फिरल्या. एकदा, दोनदा. त्यांना एका जागी उभं राहवत नसे. मग त्या थांबल्या, बांबूच्या तोंडात वाकून बघितलं, नाक लावून वास घेतला.

"मेल्यांनो," त्या हळूच म्हणाल्या, "पेशंटच्या नाकात पाणी ओतलंय कुणीतरी. मुद्दाम."

भाऊ खाली बसले. "कोण? कुणी?"

सिस्टरनी बांबूत दोन बोटं घातली. आतल्या अंगाला काहीतरी चिकटलं होतं. ते त्यांनी काढलं, तळहातावर घेतलं आणि कुणाला दिसायच्या आत मूठ मिटली.

३

त्या दिवशी सिस्टर आळीभर हिंडल्या.

पहिला गाठला शेजारचा चंद्रप्रकाश. फाळणीत पंजाबातून आलेला, कापडाचं दुकान. पेटीच्या वासावरून त्याने भाऊंशी दोनदा कडाक्याचं भांडण केलं होतं, एकदा पेटी पेटवून देईन असंही म्हणाला होता.

"मेरे पे शक?" तो उसळला. "अरे सिस्टर, डोकं चालवा ना! पेटी गरम असते तेव्हा वास येत नाय. गार पडली की मरेला कुत्ता असा वास. माझ्या खिडकीत येतो. मी कशाला गार करू? माझीच वाट?"

"हं. हे पटलं."

"आधीच इथे झोप नाय. पहाटे तुमच्या श्यामसुंदरचा रहाट, किर्र किर्र. एवढासा माणूस, अंघोळीला किती पाणी लागतं त्याला? हत्ती धुतो काय?"

"रोज?"

"रोज कसला! मधूनच. अंगात येतं त्याच्या."

सिस्टर हसल्या आणि उठल्या.

विमलाबाई देवघरासमोर वाती वळत होत्या. सिस्टर उंबऱ्याबाहेरच बसल्या.

"काय हो, तुमचं निर्माल्य कुठे टाकता? पेटीत?"

विमलाबाईंच्या हातातली वात मोडली. "जीभ झडेल सिस्टर! त्या पेटीत उष्टं-खरकटं जातं. निर्माल्य पारिजातकाच्या बुंध्याशी. देवाचं फूल, तुळशीचं पान खरकट्यात टाकणारी बाई अजून जन्माला यायचीय."

"आणि सुनेने पेटीला हात लावला हे तुम्हाला कधी कळलं?"

"पेटी गार पडली तेव्हा. मी विचारलं कोण शिवलं होतं, तर ही तोंड वर करून म्हणते, मी. दोन्ही खेपेला तसंच. लाज नाही, शरम नाही."

"खोटं बोलली असती तर वाचली असती."

"म्हणजे?"

"काही नाही. वळा वाती."

भाऊ ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. त्यांना बसवेना. "सिस्टर, मला शोधून द्या तो हलकट. मी त्याला..."

"तुमची सून चाललीय, त्याचं काय?"

"मी विटाळबिटाळ मानत नाही."

"हे एकदा सांगितलंत. मग बायकोला थांबवत का नाही?"

"घरातल्या बायकांच्या भानगडीत मी पडत नाही हो."

"छान. खरकट्याच्या भानगडीत पडता तेवढं बरं."

राहिला श्यामसुंदर. तो कारखान्यातून आला होता, हातपाय धूत होता.

"श्याम, तू शिकलेला. पेटी गार का पडते रे?"

त्याला जणू परीक्षेतला प्रश्न मिळाला. "कारणं बरीच असतात सिस्टर. शेण कमी पडलं तर नायट्रोजन कमी. पाला फार वाळका असेल तर. तुकडे मोठे राहिले तर. ढीग लहान असेल तर उष्णता टिकत नाही. थंडी वाढली तरी..." तो बोलत राहिला. भराभर, खाली बघत.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. जाताना नुसतं म्हणाल्या, "बरीच कारणं सांगितलीस हो."

४

पद्मजा त्यांना विहिरीमागे भेटली.

"मला जायचं नाही सिस्टर," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, राग होता. "माहेरी भावाचा संसार आहे, वहिनी आहे. इथून गेलेली ट्रंक परत येत नाही. आणि जायचंच असेल तर जाईन, पण माझ्या हाताने उकिरडा मेला हे लेबल लावून नाही जाणार."

"दुसऱ्या खेपेला मुद्दाम हात लावलास?"

"हो. मला बघायचं होतं. खरंच माझ्या हातात काही आहे का ते." ती थांबली. "रात्रंदिवस ऐकलं ना सिस्टर, की आपल्यालाही वाटायला लागतं."

"शिवलीस हे पेटी गार पडायच्या आधी कुणाकुणाला सांगितलंस?"

पद्मजाने सांगितलं. सिस्टरनी आजूबाजूला बघून घेतलं. मग तिच्या कानाशी लागल्या. पद्मजाचे डोळे मोठे झाले.

"बाई गं! आणि सासूबाईंना कळलं तर?"

"कळायलाच हवं. पण मागाहून."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी फर्मान काढलं. पेटी उपसायची. ओला राडा उन्हात पसरायचा, वाळका पाला मिसळायचा, ताजं शेण आणायचं, बांबू धुऊन पुन्हा उभा करायचा. भरणार भाऊ. पुढची सगळी देखभाल पद्मजाची एकटीची. झाकणाला कुलूप, किल्ली एकच, ती पद्मजाच्या कनवटीला. झाकणाच्या पत्र्याला सळईपुरतं भोक, पण ते बांबूपासून लांब, कोपऱ्यात.

"चंपाषष्ठीपर्यंत पेटी गार पडली तर ट्रंक मी स्वतः स्टेशनवर पोचवीन," सिस्टर विमलाबाईंना म्हणाल्या. "कबूल?"

"कबूल," विमलाबाई म्हणाल्या. "कुलपाने काय होतंय? ती बाहेरची बसेल तेव्हा बघू."

पेटी भरली, तापली. मार्गशीर्ष लागला. पद्मजा स्वयंपाक करत होती, पाणी भरत होती, जेवणाला वाढत होती. विमलाबाई बोटांवर मोजत होत्या. या खेपेला लांबलं म्हणायचं, की काय? त्यांच्या मनात वेगळीच आशा चाळवली आणि त्यांचा सूर जरा मऊ झाला. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पद्मजाने बरणीत हात घालून लिंबाचं लोणचं काढलं, सगळ्यांना वाढलं. भाऊंनी दोनदा मागून घेतलं.

चंपाषष्ठीला सकाळी चूळ भरायला म्हणून भाऊ परसात गेले आणि त्यांची हाक घरभर घुमली.

पेटीचं झाकण ओलंचिंब होतं.

५

सिस्टर धावत आल्या. झाकणावर पाणी साचलं होतं, कडांवरून थेंब गळत होते. पाण्यात दोन हिरवी पानं तरंगत होती.

"कुणी जागचं हलू नका," त्या म्हणाल्या. "मला एकदाच बोलायचंय."

विमलाबाई दारात. भाऊ पेटीजवळ. श्यामसुंदर विहिरीच्या कठड्याला टेकून, अंग ओलं. चंद्रप्रकाश कुंपणावर कोपरं टेकून तमाशा बघायला हजर. पद्मजा चुलीपासून उठून आली, हाताला पीठ.

सिस्टरनी पदराची गाठ सोडली. आतून वाळलेलं पान काढलं आणि झाकणावरच्या ओल्या पानाशेजारी ठेवलं.

"हे मागच्या खेपेला बांबूत सापडलं. हे आजचं. ओळखा."

"तुळस!" विमलाबाईंचा आवाज चिरकला. "तुळस, पेटीत?"

"पाणी ओतणाऱ्याला पेटी मारायची नव्हती. शुद्ध करायची होती. तुळशीचं तीर्थ ओतत होता. आता मला आधी कुणाची आठवण झाली असेल? विमलाबाई, तुमची. या घरात सोवळं तुमचं. पण तुम्हीच मला सांगितलंत, तुळस खरकट्यात टाकणं हे पाप. ज्याला सोवळं खरोखर येतं तो हे करणार नाही. म्हणजे हे काम अशाचं, ज्याला सोवळं ठाऊक नाही आणि भीती मात्र ठाऊक आहे."

"म्हणजे मी नव्हे!" चंद्रप्रकाश म्हणाला.

"तू गप रे. तू घाण वासाने मरतोस, तू सुटलास." त्या भाऊंकडे वळल्या. "भाऊरावांनी पेटी लेकरासारखी वाढवली. त्यांना चांगलं ठाऊक आहे बांबू कशासाठी असतो. त्यात पाणी ते ओतणार नाहीत. शिवाय पद्मजा शिवली हे त्यांना पेटी मेल्यावर कळलं. विमलाबाईंनाही मेल्यावरच कळलं. दोन्ही खेपेला! मग जिला विटाळ झालाय हे कुणाला ठाऊकच नाही, ती पेटी शुद्ध कोण करेल?"

सिस्टर विहिरीकडे वळल्या.

"ज्याला आधी ठाऊक होतं तो. श्याम, मी तुला विचारलं पेटी गार का पडते. तू जगातली सगळी कारणं सांगितलीस. एकच वगळलंस. पाणी. माझ्या मुठीतून पाणी गळताना बघूनही."

श्यामसुंदर हसायला गेला. "सिस्टर, हा काही पुरावा नाही. आणि आज तर प्रश्नच नाही. या महिन्यात ती बाजूला बसलेलीच नाही, मग मी कशाला..."

"हो ना," सिस्टर म्हणाल्या. "बसलेली नाही. विमलाबाई, तुम्हाला काय वाटतं? आज हिचं काय चाललंय?"

"काय म्हणजे? लांबलंय तिचं."

"पद्मजा, सांग."

पद्मजाने पिठाचे हात पुसले.

"मी कालपासून बाहेरची आहे," ती म्हणाली. "काल दुपारी पेटीही खालीवर केली. कुणाला बोलले नाही. फक्त ह्यांना सांगितलं, संध्याकाळी खोलीत."

६

पहिल्यांदा समजलं चंद्रप्रकाशला. त्याने जोरात शीळ घातली. मग भाऊंनी पोटावर हात ठेवला, तिथे कालचं लोणचं होतं.

विमलाबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "काल... काल तू भात वाढलास. देवाला नैवेद्य..."

"नैवेद्याला मी हात लावला नाही. तो तुमच्या हातचा होता. बाकी सगळं माझ्या हातचं. लोणच्याची बरणी उघडून बघा, नासलं असेल तर माझं तोंड पुन्हा बघू नका."

"आणि ही उघडून बघा," सिस्टर पेटीकडे बोट करत म्हणाल्या. "हिला काल पद्मजाचाच हात लागलाय. काढ गं कुलूप."

पद्मजाने झाकण उचललं. सकाळच्या गारठ्यात पेटीतून वाफेचा लोट उठला. सरळ वर गेला. झाकण बंद होतं म्हणून तीर्थ बांबूत गेलं नव्हतं. तीर्थ बांबूत गेलं नव्हतं म्हणून पेटी जिवंत होती. आणखी काय पुरावा हवा?

"श्याम," भाऊ म्हणाले. एवढंच.

"मला तिला वाचवायचं होतं!" श्यामसुंदर एकदम ओरडला. "आईला कळायच्या आत पेटी शुद्ध झाली की संपलं, असं वाटलं. आई पळीभर तीर्थ देते, माणसाला पुरतं. एवढ्या ढिगाला पळीभर काय होणार? मी... मी प्रमाण काढलं. दोन बादल्या. ढिगाच्या मध्यापर्यंत पोचायला हवं म्हणून बांबूतून."

"प्रमाण काढलंस," सिस्टर म्हणाल्या. "वा रे केमिस्ट."

"आणि तरी गार पडली, तेव्हा वाटलं..." तो थांबला.

"काय वाटलं?" पद्मजाने विचारलं.

"वाटलं की आई म्हणते ते खरंच असेल. म्हणून दुसऱ्या वेळी चार बादल्या ओतल्या."

विमलाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. सरळ मुलासमोर.

"तुळस खरकट्यात घातलीस? वृंदावनातली तुळस? तुला ना धड सोवळं आलं, ना तुझं ते सायन्स. पेटी गार पडेल नाही तर काय होईल! देवाचा अपमान तू केलास आणि मी दोन महिने हिला बोलतेय." त्या पद्मजाकडे वळल्या, पण बघितलं तिच्या पायांकडे. "ट्रंक जाणार नाही. आणि तू, माझ्या स्वयंपाकघरात परवापर्यंत पाऊल टाकायचं नाही. मला आता सगळं घर धुवायचंय."

"नाही टाकत," पद्मजा म्हणाली. "मी इथे आहे, पेटीपाशी."

विमलाबाई आत गेल्या. घागरी आपटल्याचा आवाज आला. एवढं सगळं दिसलं आणि त्यांनी निवडलं काय, तर तुळशीचा अपमान. बाईची चूक नाही हे पटायलाही त्यांना देवाचीच साक्ष लागली. लागू दे. चंद्रप्रकाश कुंपणावरून उतरला. सिस्टर पदर झटकत म्हणाल्या, "माझा चहा गार झाला असेल मेला."

श्यामसुंदर पेटीपाशी आला. "सुटलो ना गं शेवटी? संपलं सगळं."

पद्मजाने सळई ढिगात खुपसली.

"अहो, पहिल्यांदा पेटी गार पडली तेव्हा सासूबाई मला काय काय बोलल्या, तुम्ही ऐकत होतात. तिथेच. पंचा पिळत. मी पाणी ओतलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं."

"आई काय म्हणाली असती..."

"जे मला म्हणाल्या तेच. तुम्हाला."

तिने सळई बाहेर काढून त्याच्यासमोर धरली. ती बाहेरची होती, हे आता त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या आईलाही. त्याने आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं आणि मग हात पुढे केला. चटका बसला तशी सळई त्याच्या हातून सुटली.

भाऊ मघापासून काहीतरी करायला धडपडत होते. कुणाला न विचारता ते आत गेले आणि बांधून ठेवलेली ट्रंक दोन्ही हातांनी ओढत पडवीत घेऊन आले.

"सूनबाई, ही मी माळ्यावर टाकतो. तू निश्चिंत राहा."

"नको भाऊ," पद्मजा म्हणाली. "खालीच राहू दे. आमच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी."

"अगं, पण आता कशाला?"

तिने सळई उचलली, पदराने पुसली आणि पुन्हा ढिगात खुपसली.

"माळ्यावरून काढायला वेळ लागतो," ती म्हणाली.